पिरोश्काचा खोकला

ती. डेझोदादांना,

बुडापेस्टहून वेंडेलचा नमस्कार आणि दोन्ही गालांचे मुके (दाढी केली असेल तरच). तुमचा गुडघा, रक्तदाब आणि तो जुनाट खोकला, तिघेही कसे आहेत? डॉक्टरांनी बंद केलेली डुकराची चरबी एतेल्कावहिनी अजून पावाला लावून देत नाहीत ना? माझं बरं चाललंय. पिरोश्का गेली, तरी तिच्या जेरेनियमच्या कुंड्या अजून जिवंत आहेत. तिला सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता.

पत्रास कारण की सिदोनियाबाईंचं रेकॉर्डचं दुकान बंद होतंय. तिथे नखं रंगवायचं दुकान येणार आहे. (माणसाला नखं वीसच असतात. आमच्या एका गल्लीत ती रंगवायची चार दुकानं कशी चालतात, हे मला कुणीतरी समजावून सांगा.) दारावर पाटी लागलीय, सगळा माल निम्म्या किमतीत, आणि दर सोमवारी सूट वाढत जाणार. त्यामुळे शहरातले सगळे म्हातारे कान सध्या तिथेच मुक्कामाला आहेत, मीही.

बोगार्दींच्या मैफलीची रेकॉर्ड तुम्ही विसरणं शक्य नाही. चौथ्या रांगेत आपण तिघं, मधे पिरोश्का, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तुम्ही. बोगार्दी पियानोवर शूबर्टचा संथ भाग वाजवतायत, अख्खं सभागृह श्वास रोखून बसलंय, आणि नेमका तेव्हा खोकला! तो जसाच्या तसा रेकॉर्डवर उतरला. (मी त्या वेळी डोळे मिटून ऐकत होतो. झोपलो होतो हा तुमचा आरोप जुनाच आहे, त्यावर पुन्हा बोलणार नाही.) तुम्ही म्हणालात पिरोश्का खोकली, ती म्हणाली दादाच खोकला. पुढे दर नाताळात माशाचं सूप संपलं रे संपलं की तुम्ही रेकॉर्ड लावायचात आणि ‘आता ऐका हं, आमच्या बहिणीचं वादन!’ म्हणून पाहुण्यांना तेवढाच तुकडा ऐकवायचात. शेवटी वैतागून तिनं ती रेकॉर्ड चर्चच्या जत्रेत देऊन टाकली. मला तेव्हा हायसं वाटलं होतं. आता घरात तिचे फोटो ढीगभर आहेत, पण आवाज कुठेच नाही. आपण लोकांनी फोटो काढले, बायकोचा आवाज जपून ठेवायचं कुणाला सुचलं? म्हणून मला तो खोकला हवाय. स्पष्टच सांगितलेलं बरं.

आधी त्या मैफलीची सीडी मिळाली. सिदोनियाबाई म्हणाल्या, “घ्या वेंडेलकाका, यात सगळी खरखर साफ केलीय.” घरी येऊन लावली. खरखर साफ केली होतीच, पण तिच्याबरोबर पिरोश्कालाही साफ केलं होतं. त्या जागी नुसती शांतता! परत करायला गेलो तर बाई विचारतात, “अहो, पण हिच्यात बिघाड काय आहे?” मी म्हटलं, “बाई, बिघाड नाही हाच बिघाड आहे.” त्यांनी मला खुर्ची दिली आणि पाणी प्यायला लावलं.

मग एका गुरुवारी, खोकी उपसताना, मूळ काळी रेकॉर्ड हाताला लागली. निम्मी किंमत. शहाण्या माणसानं घेऊन घर गाठलं असतं. पण मी पिरोश्काबरोबर संसार केलेला माणूस. ‘थांब, अजून उतरेल’ असं म्हणत तिनं आमची फ्रीजची खरेदी तीन उन्हाळे लांबवली होती. तेव्हा सोमवारपर्यंत मी ती अशा जागी लपवली जिथे गाणं कळणारा एकही माणूस हात घालणार नाही: अग्निशामक दलाच्या बँडच्या खोक्यात.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच हजर झालो. दार उघडल्यावर बघतो तर त्या खोक्याकडे माझ्याबरोबर आणखी पाचसहा म्हातारे धावतायत! झाडून सगळ्या जाणकारांनी आपापला माल तिथेच लपवला होता. कुणी कुणाकडे बघेना. अग्निशामक दलाच्या संगीतावर या शहराचं एवढं प्रेम मी कधी पाहिलं नव्हतं. आणि माझी रेकॉर्ड? ती ओडोनच्या काखेत. हा ओडोन म्हणजे दातांचा निवृत्त डॉक्टर (यानं माझ्या दोन दाढा काढल्यात, त्यातली एक चांगली होती).

“ती माझी आहे,” मी म्हटलं.

“पावती दाखव.”

“अरे, मीच लपवली होती तिथे!”

“मग घेऊन टाकायचीस की! चिंगूसपणा तू करणार आणि रेकॉर्ड मी सोडू?”

मी तिथेच बँडच्या खोक्यावर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. ओडोन जरा घुटमळला, मग म्हणाला, “चल घरी. ऐकवतो तरी.” त्याचीही बायको गेलीय, ऐकायला सोबत त्यालाही नाही. त्यानं आलुबुखाराची दारू ओतली, रेकॉर्ड लावली. आणि तो आला, दादा. जरा घोगरा, घाईघाईनं दाबलेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ओडोननं न सांगता सुई उचलून पुन्हा मागे ठेवली, आणि नंतर पुन्हा एकदा.

बाकी सगळं ठीक. पुढच्या महिन्यात तुमच्या नामदिनाला, तुमच्या नावाच्या संताच्या दिवशी, शुभेच्छा द्यायला फोन करीनच. वहिनींना नमस्कार.

आपला मेहुणा,
वेंडेल

ता. क. ओडोन रेकॉर्ड द्यायला तयार आहे, पण बदल्यात त्याला तुमच्याकडचा तो जाडजूड ऑपेराचा संच हवाय. तुमचं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र कधीचं बंद आहे आणि त्यावर वहिनी लोणच्याच्या बरण्या ठेवतात, हे मी त्याला सांगून बसलोय. तेव्हा संच नीट गुंडाळून पाठवून द्या.

ता. क. २. ओडोनचं म्हणणं असं, की जन्मभर लोकांच्या उघड्या तोंडात डोकावलेल्या माणसाला खोकला ओळखता येतो, आणि हा बाईमाणसाचा नाही. मी त्याला सांगितलं, तुला दात कळतात, घसा नाही. तुम्ही इतकी वर्षं सगळ्यांना पिरोश्काच खोकली म्हणून सांगत आलात. आता या वयात शब्द फिरवू नका. आणि नामदिनाला फोनवर खोकला आलाच, तर कृपा करून रिसीव्हरवर हात ठेवा.