कॅटमरान विकणे आहे, लायक माणसालाच

३ तारीख, सोमवार. सकाळी ७.
होडी विकायची. निर्णय पक्का. खरं तर तो गुरुवारीच झाला, वाचनालयातल्या माझ्या व्याख्यानात. मालकी हे माणसाच्या गळ्यातलं लोढणं आहे, असं गरजता गरजता टेबलावर मूठ आपटली आणि तोंडून निघून गेलं, की येत्या तीस तारखेला माझ्या कॅटमरानवर माझा काडीचाही हक्क उरलेला नसेल! टाळ्या. खुर्च्या चाळीस होत्या. माणसं नऊ. पण टाळ्या चाळीस जणांच्या वाटाव्यात अशा.
आता माघार नाही. वक्त्याचा शब्द गेला की उरतो फक्त आवाज.
होडी बेचाळीस फुटी, जुळ्या तळाची. दोन इंजिनं, एक शीड, चार झोपायच्या खोल्या. अकरा वर्षं माझ्याकडे आहे. नोंदवहीत माझ्या हातच्या दोनशे चौदा नोंदी: वारा, ढग, भरती, चिंतन. सगळ्या धक्क्याला बांधलेल्या होडीत बसून लिहिल्या. समुद्र कळायला समुद्रात जावं लागतं, हा खलाशांनी पसरवलेला गैरसमज आहे.
हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. बरं म्हणाली आणि पुढची जुडी घेतली. बायकांना त्यागाची भव्यता दिसत नाही.

५, बुधवार.
जाहिरात लिहिली. चार पानं. सुरुवात मानवजातीच्या पहिल्या ओंडक्यापासून. दलालाने वाचली, पेन्सिलीचं टोक चावलं आणि म्हणाला, साहेब, टॉयलेट किती ते कुठेय यात? चार पानांच्या पाच ओळी केल्या त्याने. ओंडका गेला. टॉयलेट राहिलं. मोठ्या अक्षरात.
या देशाचं काही खरं नाही.

६, गुरुवार. रात्री ८.३०.
व्याख्यान चांगलं झालं. माणसं सात, पण निवडक. घरी आलो तर ही नुकतीच चप्पल काढत होती. नाक लाल, केस विस्कटलेले. म्हणाली, मैत्रिणीच्या गच्चीवर ऊन फार होतं. दर गुरुवारी ही मैत्रीण आणि ही गच्ची. तासन् तास काय बोलत असतील? विषय तरी काय असणार!

९, रविवार.
पहिला ग्राहक. दंतवैद्य. आल्या आल्या टॉयलेटमध्ये शिरला आणि पंधरा मिनिटं तिथेच. बाहेर येऊन वास येतो का विचारलं. मी त्याला क्षितिज दाखवलं. त्याने गादी दाबून बघितली. मग म्हणे, साहेब, तुम्ही हिला लांबात लांब कुठवर नेली आहे? मी म्हणालो, लांबी मैलांत मोजतात ते प्रवासी, विचारांत मोजतात ते साधक. त्याने घड्याळ बघितलं, एक दाढ उपटायची राहिलीय म्हणाला आणि गेला.
असल्या माणसाच्या हाती होडी द्यायची? आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडात डोकावलेला माणूस!
एक गोष्ट मात्र चमत्कारिक. आतल्या फळीवर दोन मग, हिची जुनी शाल आणि अर्धा बिस्किटाचा पुडा. दोऱ्या जिलबीसारख्या गोल गुंडाळलेल्या. धक्क्यावरच्या मुकादमाला विचारलं. तो दाढी खाजवत म्हणाला, वाऱ्याने झालं असेल. अडाणी असला तरी माणूस निरीक्षण करतो.

१२, बुधवार.
दुसरे ग्राहक. नवरा-बायको, वय मिळून पन्नाससुद्धा नसेल. व्हिडिओ काढून पोट भरतात म्हणे. आले तेच फोनवर बोलत, म्हणजे फोनशी बोलत. वायफाय कुठवर येतं? छतावर योगासनं करता येतील का? मी मालकी आणि मुक्ती यावर वीस मिनिटं बोललो, त्यांनी रेकॉर्ड केलं. मला वाटलं, चला, तरुण पिढीत धग आहे. मग ती मुलगी म्हणाली, काका, यातली सात सेकंदं वापरू, फनी आहे.
जा म्हणून सांगितलं. तेही रेकॉर्ड झालं.

१५, शनिवार.
होडी तपासणारा सर्व्हेअर आला. क्रेनने होडी उचलून जमिनीवर ठेवली. अकरा वर्षं पाण्यात उभी, तळाला शिंपल्यांचं रान माजलेलं असणार, म्हणून मी आधीच भाषण तयार ठेवलं होतं: निसर्ग सगळ्यांनाच आसरा मागतो. पण तळ घासून ठेवलेल्या ताटासारखा स्वच्छ. सर्व्हेअर म्हणाला, शाबास, फार काळजी घेता. मी नम्रपणे मान हलवली. काही होड्यांना शिंपलेही मान देतात.
मग इंजिनं आजवर किती तास चालली त्याचं मीटर वाचलं. डावं चारशे अडतीस, उजवं चारशे एक्केचाळीस. मला आठवतं त्याप्रमाणे इंजिन दोनदा चालू झालं. एकदा होडी आणली तेव्हा. एकदा मी खांबाला लावली तेव्हा. खांब चुकीच्या जागी होता, ते तेव्हाच लेखी कळवलं होतं.
मीटर बिघडलेलं आहे. दोन्ही मीटरं, जवळजवळ सारख्याच आकड्याने बिघडलेली. कारखान्यांचा हा दर्जा! तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं, तीन पानं झाली. मुकादम तोंड फिरवून खोकत होता. त्याला खोकला झालाय बहुतेक.

१८, मंगळवार.
संकल्प: होडी चालवायची उजळणी करायची. शनिवारी ग्राहक येतेय, चाचणी फेरी मागितली आहे. वाचनालयातून पुस्तक आणलं. प्रस्तावना फार कमकुवत, त्यावरच अडलो. समासात टिपणं केली. वाचन म्हणजे हे!
ही विचारत होती, मी येऊ का शनिवारी? म्हटलं, ये, डबा घेऊन ये.

२२, शनिवार.
ग्राहक निवृत्त मुख्याध्यापिका. उंच, एकटीच, हातात वही. आल्या आल्या बूट काढले, मला म्हणाली, काढा तुम्हीही, डेकवर चरे पडतात. मला! माझ्या होडीवर!
प्रश्नांचा भडिमार. ओहोटीला बंदराच्या तोंडाशी प्रवाह किती असतो? मी म्हणालो, प्रवाह म्हणजे काळाचंच एक रूप. तिने वहीत काहीतरी लिहिलं. खात्रीने सांगतो, गुण दिले.
मग इंजिन. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. शांतता. मी मौनाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली तेवढ्यात ही डबा ठेवायला वाकली, हिचा हात जिन्याखालच्या कसल्याशा लाल खटक्याला लागला आणि पुढच्या वेळी इंजिन सुरू झालं. योगायोग. पुढे निघालो. सहा फूट. मागची दोरी सोडायची राहिली होती, होडी खुंट्याला बांधलेल्या गाईसारखी गर्रकन फिरून धक्क्याला टेकली. मुख्याध्यापिका खाली बसली. बसली म्हणजे पडली.
त्या गोंधळात हिने काय केलं असेल? दोन्ही इंजिनांच्या दांड्या धरून एक पुढे, एक मागे केली. होडी जागच्या जागी सरळ झाली. भीतीने माणूस हाताला येईल ते धरतो.
मुख्याध्यापिका बराच वेळ हिच्याकडे बघत राहिली. मग दोघी होडीच्या पुढच्या टोकाला दोन तळांमध्ये ताणलेल्या जाळीवर बसून डबा खात हळू आवाजात बोलल्या. तासभर. मला हाक मारली नाही. मी नोंद लिहिली. दोनशे पंधरावी.

२३, रविवार.
मुख्याध्यापिकेचा फोन. होडी पसंत. कागदपत्रं दाखवा म्हणाली.
कागद काढले. मालक म्हणून हिचं नाव. आठवलं. होडी घेतली त्याच वर्षी मी 'मालकीहीन माणूस' ही व्याख्यानमाला चालवत होतो. तत्त्व म्हणून कागद हिच्या नावे केला. किरकोळ बाब. एक सही.

२४, सोमवार. दुपार.
सही मिळाली नाही.
ही म्हणाली, होडी विकायची नाही. शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं. एकतीस वर्षांत हिच्या वाक्याला प्रश्नचिन्ह नाही असं पहिल्यांदाच झालं असावं. की आधीही झालं होतं? लक्ष नव्हतं.
पोळ्या लाटत लाटतच सांगत होती. म्हणे, सहा वर्षं तुम्ही दर गुरुवारी चारला बोलायला जाता, साडेआठला परत येता. मी धक्क्यावर जाते. मुकादमाने शिकवलं. अहो, तुम्ही जेवताना बोलता, अंघोळ करताना बोलता, झोपेत बोलता, तेही मुद्देसूद. पाण्यावर कोणी बोलत नाही. शीड तेवढं फडफडतं, पण दोरी ओढली की तेही गप्प होतं.
मी म्हणालो, आणि माझा शब्द? नऊ माणसांसमोर दिलेला? ती म्हणाली, त्यातले चार जण माझ्याबरोबर येऊन गेलेत. म्हणून तर तुमच्याकडे गर्दी कमी.
मग शेवटचं. तीस तारखेला ही आणि मुख्याध्यापिका होडी घेऊन किनाऱ्याने तीन आठवडे जाणार, शनिवारी डबा खातानाच ठरलं म्हणे. यायचं तर या. नाही तर फ्रिजमध्ये कुठल्या डब्यात काय आहे ते लिहून ठेवते.
पोळी करपली. हिने उलटली नाही. माझ्या उत्तराची वाट बघत होती.
मी विश्वासघात यावर टिपणं काढायला बसलो.
सहा वर्षांचे गुरुवार किती, हे असल्या क्षुद्र माणसांसाठी मोजणार नाही.
तीनशेच्या वर.

२७, गुरुवार.
आजचा विषय: विश्वासघात. सभागृहात खुर्च्या चाळीस. माणसं शून्य. ग्रंथपालही नाही, दारावर चिठ्ठी: धक्क्यावर आहे.
गेलो. सगळे तिथेच, माझी निवडक माणसं, दंतवैद्यसुद्धा. ही उलट्या बाजूने होडी धक्क्याला लावत होती, दोन दांड्या, दोन बोटं. मध्ये हातभर पाणी उरलं आणि कोणी तरी माझ्याकडे दोरी फेकली. झेलली. काय करायचं ते कळेना, म्हणून धरून उभा राहिलो. मुकादम म्हणाला, नुसती धरली तरी पुरे, साहेब.
ही वरून बघत होती. केस विस्कटलेले, नाक लाल. अशी मी हिला घरात कधी पाहिली नाही. दर गुरुवारी रात्री साडेआठला दारात पाहिली होती.
टाळ्या झाल्या. मोजल्या नाहीत.

३०, रविवार. सकाळी ९. होडीवर.
अक्षर हलतंय, मी नाही.
यायचं ठरवलं. नोंदी ठेवायला जाणतं माणूस हवं म्हणून. बंदराच्या तोंडाशी निरोपाचं भाषण सुरू केलं. तीन वाक्यं झाली, चौथ्याला बादली. हिने ती आधीच जवळ आणून ठेवली होती. एक हात सुकाणूवर, दुसरा माझ्या पाठीवर. काही बोलली नाही. मीही नाही. बोलता येत नव्हतं.
तरी नमूद करतो: माझा शब्द खरा ठरला. आज तीस तारीख, आणि या होडीवर माझा काडीचाही हक्क नाही. कुठे बसायचं तेही विचारून बसलोय.
दोनशे सोळावी नोंद करायला नोंदवही मागितली. हिने नवी काढली आहे. आजचं पान हिच्या अक्षरात:
वारा नैर्ऋत्य, बरा. सुकाणूवर मी. मदतीला मुख्याध्यापिकाबाई. सामान: पाणी तीनशे लिटर, बटाटे दहा किलो, नवरा एक.