नाव पुसलं तरी

४ जानेवारी

चि. ठकीस अ. उ. आ.

तुझं पत्र आमच्या हिने, तुझ्या मावशीने, दोनदा वाचून दाखवलं. एकदा तिच्या आवाजात, एकदा तुझ्या. दुसऱ्या खेपेला बोलणी जास्त लागली.

अगं, मी मागितलं तरी काय? माझ्या डोळ्यांवर ही जी अंधारी चढत चालली आहे, जी तुझ्या बाबांच्या डोळ्यांवर शेवटपर्यंत होती, ती आमच्या आईकडून आली की वडिलांकडून, एवढंच. घरातल्या सगळ्यांनी, मामाच्या मुलांनीसुद्धा, त्या आनुवंशिक आजारांच्या अभ्यासाला रक्त दिलं. ती सगळी माहिती तुझ्याच संस्थेत, किल्ली तुझ्याच हातात, आणि तू म्हणतेस बघणार नाही! तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. तू तर तळ्याकडे पाठ करून बसलीस.

मला आपलं आठवत राहतं. दिवेलागणीला आम्ही दोघे भाऊ शाळेतल्या कविता चालीवर म्हणायचो, आणि आई दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहायची. आम्हाला वाटायचं, ऐकत थांबली आहे. आता वाटतं, तिला पुढचं दिसत नसेल. तिच्याकडून आलं असेल तर तक्रार नाही गं. तेवढं तरी तिचं माझ्यापाशी राहिलं, असं म्हणेन.

रागावलीस तर पत्रातच रागाव. फोनवर तू नुसती 'हं, हं' करतेस. लोभ कर, आणि जमल्यास थोडी फितुरीही कर.

तुझा काका


११ जानेवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

फितुरी जमणार नाही. पुन्हा एकदा सांगते, आणि मावशीने हे मोठ्याने वाचावं. माझ्याकडे तुमचं नाव नाहीच. रक्त आलं तेव्हाच नावं काढून आकडे लावले. कोणता आकडा कोणाचा, ही जोडणी दुसऱ्याच माणसाकडे बंद आहे. बाहेरच्या संशोधकाला माहिती हवी असेल तर तो अर्ज करतो, समिती त्याला प्रश्न विचारून विचारून हैराण करते, आणि मग तो आमच्या खोलीत, आमच्या संगणकावर बसून बघतो. मोबाईल बाहेर ठेवायचा. काही उतरवून न्यायचं नाही. मी दार उघडते आणि दार लावते.

लोकांनी रक्त दिलं ते याच भरवशावर. मीही दिलं, आणि देताना सांगितलं की माझा निकाल मला कळवू नका. बाबांसारखं मलाही होणार का, हे मला जाणून घ्यायचं नाही. व्हायचं असेल तेव्हा कळेलच. तोवर मला निवांत बघू द्या. हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी कपाटात डोकावायला सांगता ते मलाच. कमाल आहे!

मावशीच्या गुडघ्याचं कळवा. लोभ आहे म्हणून एवढं हाताने लिहिलं, नाहीतर छापील उत्तर पाठवणार होते.

आपली ठकी


२ फेब्रुवारी

चि. ठकीस अ. उ. आ.

तुझ्यावाचून आमचं काही अडलं नाही! ग्रंथालयाच्या सभागृहात आनुवंशिकतेवर व्याख्यान होतं. वक्ता तरणाबांड, पण विनयशील. ओघात म्हणाला की सध्या तो डोळ्यांच्या याच आजारावर काम करतो आहे, आणि तेही तुमच्याच संस्थेत बसून. म्हटलं, देव पावला.

व्याख्यान संपल्यावर त्याला गाठलं. सांगितलं, तुम्ही पाहता त्या घरांत एक आमचंही आहे. आम्ही जुळे भाऊ, दोघांनी सख्ख्या बहिणी केल्या, भावाला एकच मुलगी, आम्हाला मूलबाळ नाही; आता सांगा, आईकडून की वडिलांकडून? तो एकदम मागे सरला. मग म्हणाला, आजोबा, कृपा करून पुढे बोलू नका. मला वाटलं, लाजला. म्हणून ती मुलगी म्हणजे तुमच्या खोलीचं दार उघडते तीच, हेही सांगून टाकलं. म्हटलं, ओळख निघाली तर बरंच. तुझी मावशी माझी बाही ओढत होती, आणि घरी येईपर्यंत रस्ताभर म्हणत होती की तुमच्या जिभेला हाड नाही.

तो मात्र उत्तर न देताच सटकला. हल्लीच्या पोरांना वडीलधाऱ्यांशी दोन शब्द बोलायचे म्हणजे संकट. तुझ्याशी तरी नीट वागतो ना? लोभ वाढव, नियम थोडे कमी कर.

तुझा काका


१० फेब्रुवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला, ते अजून दुखतंय.

काका, नाव पुसता येतं, घराचा आकार पुसता येत नाही. त्याच्यासमोर वंशावळीची आकृती असते; पुरुषाला चौकोन, बाईला गोल. जुळे भाऊ, त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी, खाली एकच गोल. अशी घरं काय पैशाला पासरी मिळतात? तुम्ही दोन वाक्यं बोललात आणि त्या गोलाला माझा चेहरा आला.

तो माणूस सरळ निघाला. दुसऱ्याच दिवशी स्वतः समितीपुढे जाऊन सगळं सांगितलं. नियमाप्रमाणे त्याचा प्रवेश बंद. आपल्या घराची माहिती कुलपात, आणि घरातल्या प्रत्येकाला आता पुन्हा विचारणार की अभ्यासात राहायचं की नाही. या आजारावर काम करणारा आमच्याकडे तो एकटाच होता. म्हणजे तुमच्याच डोळ्यांचं काम तुम्हीच बसवलंत. वा!

पण माझा जीव खातंय ते वेगळंच. परवा तो सामान न्यायला आला. एरवी मागच्या माणसाच्या नाकावर दार सोडून देणारा. परवा मी येईपर्यंत दार धरून उभा राहिला, आणि पायरी आहे, जपून, असं म्हणाला. शरमेने म्हणाला, की त्याला माहीत आहे म्हणून? विचारता येत नाही. विचारलं तर उत्तर मिळेल. माझ्या डोळ्यांचं जे मलाच ठाऊक नाही, ते एका परक्या माणसाला ठाऊक आहे. तेव्हापासून ते 'जपून' डोक्यातून जात नाही. संध्याकाळ झाली की उगाच एक डोळा झाकून समोरच्या इमारतीच्या खिडक्या बघत बसते.

लगेच उत्तर लिहू नका. कोणाशी काही बोलू नका. मावशीला नमस्कार. तुम्हाला नंतर.

ठकी


२५ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

लगेच लिहू नका म्हणालीस, म्हणून थांबलो. तुझं पत्र मावशीने एकदाच वाचलं, आणि तुझ्या आवाजात वाचायला काही ती तयार झाली नाही.

समितीच्या बाई येऊन गेल्या. आम्ही दोघं अभ्यासात राहणार. तुझं तू ठरव, आमच्याकडे बघून ठरवू नकोस. आईकडून की वडिलांकडून, हे त्यांना विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. मावशीने नुसतं पाहिलं आणि मी ते गिळलं. शाळेत आम्हाला पाठ झालेलं धडाधडा म्हणून दाखवायला शिकवलं गं. धरून ठेवायला कोणी शिकवलं नाही.

आणि काल तो आला, ग्रंथालयातून पत्ता मिळवून. तुझा संशोधक. दारात उभा राहून माफी मागायची आहे म्हणाला. मी त्याच्यासाठी खुर्चीसुद्धा ओढली होती. तेवढ्यात तो म्हणाला, तुमच्या पुतणीने मनाला लावून घेऊ नये, कारण...

त्या 'कारण'वर मी दार लावलं. तोंडावर. या घरात आलेल्या माणसाला आजवर मी पाणी विचारल्याशिवाय पाठवलेलं नाही. मावशी चिडली, म्हणाली, अहो, चांगलीच बातमी असती तर? असेलही. किंवा त्याच्या शरमेचंच काही सांगणार असेल. मला ठाऊक नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुम्ही दोघी मला जन्मभर ऐकवत आलात. म्हणून म्हटलं, ते पोटात जाऊच द्यायचं नाही.

तेव्हा रविवारी ये. भांड हवी तेवढी. माझ्या चेहऱ्याकडे मात्र निर्धास्त बघ, ठके. तिथे तुझ्याविषयी काहीही नाही. लोभ उरला असेल तेवढा पुरे आहे.

तुझा काका