न वाचलेल्या दोन ओळी

नाशिक,
४ जून २००२

ति. बहिरूमामांस,
मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

परीक्षा संपली, पेपर बरे गेले. आता नवेच संकट. गंगापूर रोडला आठ वकिलांची एक फर्म आहे, अंबडच्या कारखान्यांची कामे बघते. त्यांना एक ज्युनिअर हवी आहे. अर्जासोबत एक पान स्वतःच्या हाताने लिहून मागितले आहे, वकील का व्हायचे आणि आमच्याकडेच का यायचे. मुदत पंचवीस तारखेची. मी चार कागद फाडले. खोलीतल्या वेदिकाचे वडील वकील, त्यामुळे तिला कारण घरातच मिळाले. तुम्ही अख्ख्या हरसूलचे अर्ज लिहिता, भाचीचाही एक लिहून द्या. ही नोकरी मिळाली नाही तर नाशिकात राहणे जमायचे नाही.

मामीला नमस्कार. माया आहेच, ती अर्जातही उतरू द्या.

आपली,
मोहिनी

हरसूल,
९ जून २००२

चि. मोहिनीस,
मामाचे अ. उ. आ.

मसुदा सोबत जोडला आहे. शाळेत मास्तरकी करता करता तीसेक वर्षे अर्ज लिहितोय, एकही परत आलेला नाही. ‘अर्जदार गरीब आदिवासी कुटुंबातील असून’ ही ओळ काढू नकोस, ती फार कामाची आहे. शेवटी ‘कृपावंत होऊन’ लिहिले आहे, तेही राहू दे.

शेजारची भागीबाई बाजारात भेटली. शेत गेल्यापासून दरवर्षी दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जाते, आता परत आली आहे. आमची पोर काळा कोट घालणार, असे सगळ्या बाजाराला सांगत होती.

तब्येत सांभाळ, आणि मामाला विसरू नकोस.

तुझा,
बहिरूमामा

नाशिक,
१३ जून २००२

ति. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नका, पण मसुदा वाचून वेदिका म्हणाली की यावर नोकरी नाही, रेशनकार्ड मिळेल. मीही हसले. मग भागीआत्याची ओळ पुन्हा वाचली आणि हसू गेले.

मामा, खरे कारण मला माहीत आहे. मी चौथीत होते. तुम्ही ट्रेनिंगला नाशिकला गेला होतात. आत्या कोर्टाचा कागद घेऊन आली आणि मला ओट्यावर उभे करून वाचायला लावले. भोवती माणसे जमली, पोरगी कशी घडाघडा वाचते म्हणून कौतुक करत होती. शेवटच्या दोन ओळी मला कळल्या नाहीत. कळत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून त्या सोडून दिल्या. सांगितले, शेताचा कागद आहे, तुझे नाव आहे, सगळे ठीक आहे. आत्याने मला गोडीशेव घेऊन दिली. तारखेला ती गेलीच नाही, आणि शेत दिराला गेले.

‘गैरहजर राहिल्यास एकतर्फी निकाल’. त्या सोडलेल्या ओळींतले हे शब्द कॉलेजात पुन्हा भेटले, तेव्हा मी वर्गातून उठून बाहेर गेले होते.

हे अर्जात लिहायचे तर आधी आत्याला कळायला हवे. लिहिले नाही तर बाकी सगळे खोटेच. तिच्यासमोर उभे राहायची हिंमत मला होत नाही. हे पत्र तिला वाचून दाखवाल का?

माया कमी झाली तरी पत्र लिहा.

आपली,
मोहिनी

हरसूल,
१९ जून २००२

चि. मोहिनीस,
अ. उ. आ.

तू स्वतः यायला हवे होतेस. तरी वाचून दाखवले, शब्द न सोडता.

भागीबाईने दोनदा वाचायला लावले. मग भाजीची पाटी तिथेच टाकून उठून गेली. मला वाटले, संपले. दुसऱ्या दिवशी शाळेत आली. म्हणाली की तिला लय राग आलाय, तो तिच्या सवडीने जाईल, कोणी घाई करायची नाय. इतकी वर्षे तिला वाटत होते की कागदात काही नव्हतेच, दिराने साहेबाला फितवले. तिला मी सांगितले की दहा वर्षांच्या पोरीला मोठ्या माणसांनीच ओट्यावर चढवले होते.

जाताना कमरेच्या पिशवीतून एक कागद काढला. दिराला शेत विकायचे आहे, त्यासाठी तिचा अंगठा हवा म्हणतो. मी वाचायला घेतला तर हिसकावून घेतला. म्हणाली, मोहिनीलाच वाचू दे. एक शब्द सोडायचा नाय, आणि कळला नाय तर कळला नाय म्हणायचं. कागद सोबत आहे.

माया आहे तेवढीच आहे.

तुझा,
बहिरूमामा

नाशिक,
२३ जून २००२

ति. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज काल स्वतः नेऊन दिला. तुमचे ‘कृपावंत’ वगळले, माफ करा. वकील का व्हायचे, तिथे ओट्यावरची गोष्ट लिहिली. आमच्याकडेच का, याखाली एकच वाक्य लिहिले. तुमच्याकडे आठ वकील आहेत, मला न कळलेले विचारायला तिथे कोणीतरी असेल.

बोलावतील की नाही, ठाऊक नाही.

आत्याचा कागद तीनदा वाचला. तिने अंगठा दिला तर शेतावरचा उरलासुरला हक्कही जाईल, एवढे नक्की. दोन ओळी मात्र मला अजून कळलेल्या नाहीत. उद्या कॉलेजात सरांना विचारते आणि येत्या शनिवारच्या एसटीने येते. आत्याच्या दारात उभी राहून सगळे वाचीन.

तोवर तिला म्हणावे, अंगठा देऊ नको.

रागासकट माया असू द्यावी, ही विनंती.

आपली,
मोहिनी