सहावर थांबलेला पंप

९ फेब्रुवारी, सोमवार

आरोहीने, माझ्या बायकोने, वही आणली! शहनाज सिस्टरने आधी कव्हर स्पिरिटने पुसलं, मग हातात दिली. "लिहा. पण उजवा पाय हलला तर वही जप्त."

उजव्या मांडीतून एक नळी थेट हृदयात गेली आहे. तिच्या टोकाला पंप — पेन्सिलीएवढा जाड! अंबडच्या कारखान्यात सात वर्षं पाण्याचे पंप टेस्ट करतोय, पण असा पाहिला नव्हता. आवाज शून्य. आमच्याकडे आवाज नसलेला पंप बंद समजतात.

आजाराचं नाव सिस्टरकडून अक्षर अक्षर विचारून घेतलं — मायोकार्डायटिस. चार दिवस ताप अंगावर काढला, त्याने हृदयाला सूज आली. शुक्रवारी टेस्टिंगलाच कोसळलो. हृदयाचं पंपिंग पंधरा टक्के उरलं, शरीराला रक्त पुरेना. त्याला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. आता बरंचसं काम हा पंप करतो. त्याचा स्क्रीन पायथ्याशी. वेगाचा आकडा आठ. जास्तीत जास्त नऊ.

दर अर्ध्या तासाने आकडा बघतो. आठ. आठ. आठ. बरं वाटतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हृदयाचा इको झाला. पंधराचे तीस टक्के! डॉक्टर मॅडम खूश. म्हणाल्या, पंप हळूहळू कमी करू, तुमच्या हृदयाला कामाला लावू. माझ्या डोळ्यांदेखत आठचे सहा केले.

छातीत धडधड, हातापायाला घाम. ठोके १३२! मशीन ओरडायला लागलं. मॅडमनी परत आठ केले. पाच मिनिटांत सगळं शांत.

मला वाटतं माझं हृदय लबाड आहे. इकोला एक दाखवतं, कामाला दुसरं.

११ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा सहा. पुन्हा १२८. पुन्हा आठ.

मॅडम स्टूल ओढून बसल्या. "रविराज, सहा नीट चाललं तरच चार, मग दोन, मग पंप काढायचा. पण हा पंप फार दिवस ठेवता येत नाही. पायाला धोका, इन्फेक्शनचा धोका. शनिवारपर्यंत नाही उतरला तर तुम्हाला पुण्याला पाठवावं लागेल, मोठ्या मशीनवर." मग म्हणाल्या, "मला तर वाटतं हृदयापेक्षा तुम्हीच जास्त घाबरता."

मी घाबरत नाही. मी फक्त लक्ष ठेवतो.

अल्तमश येऊन गेला — आमच्या टेस्टिंगचा जोडीदार. काचेपलीकडूनच हात हलवला. चिठ्ठी पाठवली: "सात वर्षे तू पंपांना नापास केलंस, आता पंप तुझी परिक्षा घेतोय." खूप हसू आलं. सिस्टर ओरडल्या, पाय! 'परीक्षा' दीर्घ करून चिठ्ठी परत पाठवली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी बघतो तर स्क्रीन भिंतीकडे फिरवलेला! सिस्टरना म्हटलं, मला दिसत नाही. "म्हणूनच फिरवलाय." आकडा विचारला तर म्हणाल्या, "माझ्या नोकरीवर उठू नका." ठोके मात्र सांगतात.

पण मी उपाय काढला. टेस्टिंगला आमचा नियम आहे — डायल वाचणारा एक, रजिस्टरमध्ये लिहिणारा दुसरा. म्हणजे कुणी आपल्या सोयीचा आकडा लिहीत नाही. मी लिहिणारा, आरोही वाचणारी. ती भेटायला येते तेव्हा पायथ्याशीच उभी राहते.

सकाळी ११.०५ — सहा. ठोके ९६. (सहा! आणि मला काहीच झालं नाही!)

संध्याकाळी ५.१० — सहा. ठोके ८४.

"नीट बघून सांगितलंस ना?"

"अहो, मला सहा वाचता येतो!" थोडी चिडलीच.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ११.०० — सहा. ठोके ८२.

आज आरोहीबरोबर आई आत आली. नामपूरहून पहाटेच्या बसने. "कसा शे रे भाऊ?" म्हटलं, बरा आहे, पण आकडा सहावर अडकलाय. आईने पंपाच्या डब्याकडे बघून हात जोडले. मग माझ्याकडे वळून, "तो त्याचं काम करी राहिना. तू का त्याच्यामागं लागनास?" म्हणजे तो करतोय त्याचं काम, मी कशाला मागे लागलोय. आरोही एकदम खाली बघून हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला होता. सिस्टरनी ठेचा बाहेर ठेवला — आणि भाकरीचा तुकडा स्वतः खाल्ला! मला मऊ खिचडी.

मॅडमना विचारलं, चार कधी करणार? उद्या शनिवार आहे. म्हणाल्या, "तुम्हाला काय त्रास होतोय?" काहीच नाही. "मग झालं." हे काय उत्तर झालं?

संध्याकाळी ५.१५ — सहा. ठोके ७९.

आरोहीने आज वर न बघताच सांगितलं. बहुतेक तोच आकडा पाठ झालाय. दोन दिवस एकच रीडिंग! सहावर अडकलो म्हणजे पुणे नक्की. तिला म्हटलं, माझे दोन जाड स्वेटर आणि आधार कार्ड बॅगेत भर. "बरं," म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे, आणि हसतही होती. घाबरली असेल बिचारी. मी तिला धीर दिला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी नऊला पंप काढला. इथेच, नाशिकलाच!

आरोहीला मॅडमनी गुरुवारी सकाळीच बाहेर बोलावून तयार केलं होतं — स्क्रीनवर काहीही असो, मला सहाच सांगायचं. पहिला सहा खरा. गुरुवारी संध्याकाळी चार होता, काल सकाळी तीन, काल संध्याकाळी दोन. माझ्या वहीतले तीन आकडे खोटे. खोडणार नाही. त्यांच्यापुढे लिहिलेले ठोके खरे आहेत — ८४, ८२, ७९. ते माझे मीच दिले.