क्रमांक चारचा पुतळा ही माझी आई असल्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
दावे विभाग, मोटार विमा कार्यालय,
दुसरा मजला, बंद लिफ्टसमोरील खोली.

विषय : खासगी गाडीचा कामासाठी वापर, त्यावरून नाकारलेला दावा, आणि मागच्या सीटवर मधोमध बसलेल्या व्यक्तीच्या नोंदीत दुरुस्ती.

संदर्भ : आपले पहिले नकारपत्र, त्यावरील माझा खुलासा, व खुलाशावरील आपले दुसरे नकारपत्र.

महोदय,

१. मी कपड्यांच्या दुकानांतले पुतळे दुरुस्त करतो. बोटे जोडणे, नाक बसवणे, रंग देणे ही कामे माझी. डोळे मात्र आई रंगवते, कारण माझ्या हातचे डोळे तिरळे येतात असे दुकानदारांचे म्हणणे आहे व ते खरे आहे. तयार पुतळे मी माझ्या खासगी गाडीतून पोहोचवतो. आडवे टाकले की त्यांची नाके घासतात, म्हणून कमरेपासून वरचा भाग सीटवर पट्टा लावून बसवायचा आणि पाय डिकीत ठेवायचे, अशी आमच्या धंद्यात पद्धत आहे.

२. पॉलिसी घेताना हा वापर कळवायला हवा होता, हे मला मान्य आहे. एजंटांना मी तसे विचारलेही होते. "गाडी तुमची, पुतळे तुमचे, मग धंदा कसला? उगाच हप्ता वाढेल," असे ते म्हणाले. सदर एजंट माझे सख्खे मेहुणे असल्याने त्यांचा याहून अधिक उल्लेख करू नये, अशी माझ्या पत्नीची विनंती आहे.

३. घटनेच्या दिवशी मी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होतो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे व शस्त्रक्रियेची तारीख त्या दिवशी ठरायची होती. दुकान वाटेतच असल्याने तीन पुतळे सोबत घेतले. पैकी एका पुतळीच्या मनगटाचा गोंद ओला होता, म्हणून तिला पुढे बसवले आणि आईला मागे दोघांच्या मधे. त्यावर आई एवढेच म्हणाली, "तिचं मनगट ओलं आहे, आणि माझे गुडघे काय आत्ताच दुकानातून आणलेत?"

४. चौकात पुढचा ट्रक मागे आला आणि आमच्या बॉनेटवर आदळला. त्या क्षणी माझा मोकळा हात आपोआप पुढच्या पुतळीच्या मनगटाकडे गेला. आईकडे गेला नाही. हे आईने पाहिले. मनगट वाचले, पण कोपर निखळला.

५. आपले सर्वेक्षक लगेच आले, याबद्दल मी आभारी आहे. मी रस्त्यापलीकडे ट्रकचालकाशी हुज्जत घालत होतो. आई रागावली की मान ताठ ठेवून एकाच जागी नजर लावून बसते, पापणीसुद्धा हलवत नाही. हे आमच्या शेजाऱ्यांना ठाऊक आहे, सर्वेक्षकांना असण्याचे कारण नव्हते. आईला पाय आहेत हे त्यांच्या लक्षात यायला हवे होते, परंतु गुडघ्यांवर चादर होती. त्यांनी आपले लिहायचे पॅड आईच्या मांडीवर ठेवले, त्यावर अहवाल लिहिला व ते निघून गेले. आईने हूं की चूं केले नाही. "मेल्याचं पॅड जड होतं," असे ती घरी येऊन भिंतीला म्हणाली.

६. "गाडीत मागेपुढे माणसं खच्चून भरली होती, एकीचा हात लोंबत होता तरी बाई ओरडली नाही," या ट्रकचालकाच्या जबाबावरून आपण भाडोत्री प्रवासी नेल्याचा ठपका ठेवलात व त्या बाईचा वैद्यकीय दाखला मागितलात. मी घाईघाईने खुलासा पाठवला की गाडीत माझ्याशिवाय बसलेले सर्व पुतळे होते. 'सर्व' हा शब्द लिहिताना मला आईची आठवण राहिली नाही. मग आपण सर्वेक्षकांचा अहवाल काढलात आणि संपूर्ण फेरी धंद्याची ठरवून दावा पुन्हा नाकारलात. त्या अहवालातील मालाच्या यादीत पुढील नोंद आहे : "क्र. ४. वृद्ध स्त्रीचा पुतळा. जुना, रंग उडालेला, चेहरा नाराज. विक्रीमूल्य शून्य."

७. ही नोंद असलेले आपले दुसरे पत्र आईने डोळे रंगवायच्या भिंगातून स्वतः वाचले. तेव्हापासून तिने ब्रश हातात घेतलेला नाही. कारखान्यात पुतळे डोळ्यांविना उभे आहेत आणि दुकानदार फोन करून डोके खात आहेत, पण तो भाग वेगळा. खरी काळजी अशी की ती आता डॉक्टरांकडे यायलाच तयार नाही. "शून्य किमतीच्या पुतळ्याला नजर कशाला हवी?" असे विचारते. डॉक्टरांनी सांगितले आहे की फार उशीर करू नका. महोदय, सर्वेक्षकांची चूक अनोळखी माणसाची होती. माझी तशी नव्हती. मला याचे फार वाईट वाटते आणि ते तिला तोंडाने सांगायला गेलो की ती मान ताठ करते.

८. तरी विनंती की माझी पॉलिसी यापुढे कामाच्या वापरासह करावी. वाढीव हप्ता मी भरीन व मेहुण्यांना मी समजावीन. बॉनेटच्या खर्चाचे आपणांस योग्य वाटेल ते करावे, त्यासाठी मी पुन्हा अर्ज करणार नाही. मात्र क्रमांक चारची नोंद मालाच्या यादीतून काढून "अर्जदाराची आई, प्रवासी" अशी करावी आणि मूल्याचा रकाना रिकामा ठेवावा.

९. दुरुस्तीचे पत्र कृपया आईच्या नावे आणि मोठ्या अक्षरात पाठवावे. ते ती स्वतः वाचणार आहे; माझ्या तोंडून ऐकायचे नाही, असे तिने सुनेमार्फत कळवले आहे. गाडी गॅरेजमधून येताच पुढची सीट तिच्यासाठी ठेवली जाईल. पुतळ्यांचे मनगट ओले असल्यास ते घरी थांबतील.

आपल्या उत्तराची वाट दोघेही, वेगवेगळ्या खोल्यांत, पाहत आहोत.

आपला नम्र,
(सही)
पुतळे दुरुस्त करणारा, पॉलिसीधारक

ठिकाण : घर, गाडी गॅरेजमध्ये असल्याने
दिनांक : पोच शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१) पॉलिसीची प्रत.
२) अपघाताचे छायाचित्र. आईवर बाणाची खूण आहे. बाण आईनेच काढला आहे. तो शेजारच्या पुतळ्यावर गेला आहे, कारण तिला आता नीट दिसत नाही.