अर्जातलं पहिलं वाक्य

मंगळवार. शेलूबाजार. संध्याकाळचे सात.

जसं घडलं तसं लिहून ठेवते.

विद्यापीठाच्या अर्जासोबत 'मला हेच का शिकायचंय' असं एक पान लिहून द्यायचं होतं. कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, सुरुवात जोरदार हवी, घरातला एखादा प्रसंग टाक. आमच्या घरात तर काहीच घडलेलं नाही. म्हणून मीच रचलं: 'तुरीवर फवारणी करताना माझ्या बाबांची नजर गेली, म्हणून मला कीटकशास्त्र शिकायचंय.'

परवा दिवेलागणीला मी ते वाक्य मोठ्यानं वाचून पाहत होते. आई देवापाशी दिवा लावत होती, ती भडकलीच. "काहून असं अभद्र बोलून राह्यली वं? या टायमाले वास्तू तथास्तु म्हणते, मालूम नाई तुले?" मी हसले. काल अर्ज पाठवूनही दिला.

आज बाबा फवारणी करून आले, ओट्यावर बसले, डोळे चोळत राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "लाईट गेली काय वं, पोरी?"

बल्ब सुरू होता. त्यांच्या डोक्यावरच.

औषध उडालं असेल डोळ्यांत. दुसरं काय असणार? काका जीप आणायला चौकात गेलेत. आई बाबांच्या डोळ्यांवर पाणी मारतेय, मला जवळ येऊ देत नाही. पण बल्ब सुरू होता, मी पाहिलाय.

ते वाक्य खोडायला आत्ता मोबाईल उघडला. अर्जाच्या पानावर दोनच ओळी होत्या: 'आपली माहिती स्वीकारली आहे. आता बदल करता येणार नाही.'