राणी कशाने गेली

बाबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. आज तुमच्या नातीला शाळेत तुमची आवडती लढाई शिकवली, दोन हजार वर्षांपूर्वी रोमन सैन्याने इथल्या बंडखोर राणीला हरवलं ती. आई गेली, न्यूमोनियाने असं तुम्ही सांगितलंत, तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्यानंतर दर रविवारी तुम्ही वॉटफर्डहून गाडी काढायचात आणि ती लढाई नेमकी कुठे झाली असेल ते शोधत मला शेताशेतांतून फिरवायचात. जागा अजूनही कोणाला सापडलेली नाही. छापखान्यात काम करणारे तुम्ही चिखलात उभे राहून हात पसरून दाखवायचात, रोमनांच्या मागे जंगल, समोर राणीचे लोक, त्यांच्या पाठीशी बायकामुलांनी भरलेल्या गाड्या. हरल्यावर पळताना त्याच गाड्या आड आल्या.

एका रविवारी मी म्हणाले, "बाबा, मिस म्हणाल्या, राणीने विष घेतलं." तुम्ही फ्लास्कमधून चहा ओतत होतात. "आजारी पडून गेली ती," तुम्ही म्हणालात. "दोघा इतिहासकारांनी दोन गोष्टी लिहून ठेवल्यात. मी सांगतो ती लक्षात ठेव. विषाचं पुन्हा बोलायचं नाही." आवाज चढला नव्हता, पण चहा कपाबाहेर सांडत होता. पुढे कॉलेजात मी वाचलं, विषाचं लिहिणाऱ्याचा सासरा त्याच सैन्यात होता. आजाराचं लिहिणारा शंभराहून जास्त वर्षांनी लिहीत होता. तुम्हाला हे माहीत असणारच.

तुम्ही गेल्यावर पुण्याहून मावशी आली. माझ्या किचनमध्ये मेथी निवडताना म्हणाली, "न्यूमोनिया कसला गं? तुझ्या आईने गोळ्या घेतल्या होत्या. तुझ्या बाबांनी आम्हाला शपथ घातली होती." मी तिच्याशी इतकी भांडले की ती परत कधी आली नाही. गेल्या महिन्यात मी आईचं डेथ सर्टिफिकेट मागवलं. मावशी खरं बोलत होती. तेव्हापासून डोळे मिटले की ते शेत दिसतं. तुम्ही पुढे चालताय, मी हाक मारतेय, तुम्ही वळत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच सांगते. मघाशी होमवर्क करता करता मुलीने विचारलं, "मम्मा, तुझी आई कशाने डाय झाली?"

"न्यूमोनियाने," मी म्हणाले. जीभ अडखळलीसुद्धा नाही.